तोबरुक, आठ जणांसाठी

बेंडिगो
११ सप्टेंबर १९८३

आत्या,

क्लॅरी काकांनी तोबरुकहून तुला लिहिलेली पत्रं अजून आहेत ना तुझ्याकडे? मला वाचायला देशील? चहाचा एक डाग पडणार नाही, शब्द देतो.

कारण सांगतो, पण हसू नकोस. आमच्या मंडळात आम्ही शनिवारी पटावर लढाया खेळतो ते तुला माहीत आहे. ‘टक्कल पडायला लागलेल्या पोरांची भातुकली’ असं तू म्हणाली होतीस, तेही माझ्या लक्षात आहे. तर येत्या जूनमध्ये, राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीत, इथे मोठं संमेलन आहे. चार राज्यांतून लोक येणार. त्यासाठी एक नवी लढाई रचून द्यायचं मी कबूल केलंय. दिवसभर शाळेत पोरांना भूमिती शिकवायची आणि घरी येऊन नकाशावर षटकोन आखत बसायचं, असं चाललंय.

लढाई निवडली आहे लिबियातल्या तोबरुकची. १९४१ चा वेढा. गावात आपले ऑस्ट्रेलियन लोक, बाहेर वाळवंटात जर्मन आणि इटालियन, पाठीशी समुद्र. एरवी असे खेळ दोघांचे असतात, हा आठ जणांचा आहे. प्रत्येक बाजूला चौघं: एक सेनापती, एक आघाडी सांभाळणारा, एक विमानं आणि जहाजं पाहणारा, आणि एक रसदवाला. चौघं चार टेबलांवर, एकमेकांकडे पाठ करून. आपल्याच माणसाला काही सांगायचं तर चिठ्ठी लिहायची, आणि ती पंचाने, म्हणजे मी, सवडीने पोचवायची. सगळं कुणालाच दिसत नाही. त्यातच गंमत आहे.

अडचण एकच. दोनदा खेळून पाहिला आणि दोन्ही वेळा रसदवाला झोपला. आमचा नेव्हिल तर घोरायला लागला. फौजा, तारखा, तोफा सगळं पुस्तकांत सापडलं, पण तिथला माणूस सकाळी उठून काय करत होता ते कुठेच नाही. म्हणून पत्रं.

आणखी एक. आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं घर रिकामं होतंय. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. काका जाऊन चार वर्षं झाली, तू त्या बागेत एकटी किती दिवस राहणार? विचार कर.

कॉलिन


रॉबिनव्हेल
२५ सप्टेंबर १९८३

कॉलिन,

पत्रं आहेत, पण देणार नाही. त्यांत माझ्या नाकाबद्दल आणि इतर काही गोष्टींबद्दल जे लिहिलंय ते भाच्याने वाचण्यासारखं नाही. तुला हवं तेवढं मी उतरवून देईन.

लढाईचा खेळ करणं मला फारसं पटत नाही. पण बाकीच्यांनी विसरून जावं हे तर त्याहून पटत नाही, म्हणून लिहिते.

क्लॅरी तिथे स्वयंपाकी होता. दिवसाला माणशी एक बाटली पाणी, तेही खारट. त्यातच प्यायचं, दाढी करायची, मोजे धुवायचे. चहात डब्यातलं दूध घातलं की फाटायचं. पिसवा इतक्या की तो लिहितो, ‘जर्मनांची आम्हाला सवय झाली, यांची होत नाही.’ आणि स्वयंपाकी असूनही तो तोफ चालवायचा. इटालियन लोक आधीच्या लढाईत तोफा टाकून गेले होते, त्या ह्यांनी वापरायला काढल्या. स्वयंपाकी, कारकून, चांभार, सगळे गोलंदाज. नेमाची दुर्बीण एकाही तोफेला नव्हती. नळीतून डोळा लावून बघायचं, आणि मग ‘अजून जरा वर, मायला, फार झालं’ अशा हुकमांवर गोळा सोडायचा.

आता तुझा रसदवाला. त्याला तू मोजायचं आणि वाटायचं काम दिलंयस, मग तो झोपणार नाही तर काय करील? त्याला ठरवू दे. घरात खाणारी चार तोंडं आणि अंडी तीन, तेव्हा स्वयंपाक करणारी बाई झोपते का? ज्याला हवं त्याने तिच्याकडे यावं, गोड बोलावं, खोटं सांगावं. आणि तिनेही संपली म्हणून सांगावं, एक मागे लपवून ठेवावं.

घराचं राहू दे. वेलींना कोंब फुटलेत. पंपाचा पट्टा तुटला होता, तो पाटापलीकडचे लगाना येऊन बसवून गेले. इथे उन्हाला तोटा नाही.

एल्मा आत्या


बेंडिगो
६ नोव्हेंबर १९८३

आत्या,

तू सेनापती आहेस!

तुझी तीन अंडी मी नियमात घातली. आता पाणी, पेट्रोल आणि गोळे फक्त रसदवाल्याकडे. किती शिल्लक आहे ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि खोटं बोलायची त्याला मुभा आहे. काल नेव्हिल पुन्हा रसदेवर होता. पाच तास एकदाही खुर्चीला टेकला नाही. त्याच्या सेनापतीने तीन चिठ्ठ्या पाठवून पेट्रोल मागितलं, चौथ्या चिठ्ठीत शिव्या होत्या, पाचवीत चॉकलेट गुंडाळलं होतं. पेट्रोल मिळालं पाचवीला.

आणि बिनदुर्बिणीच्या तोफाही घातल्या. नेम धरायचा नाही, फासा टाकायचा. गोळा कुठे जाईल ते देवाला ठाऊक. त्यांनी एकदा आपलाच भटारखाना उडवला, तेव्हा मी तुझी आठवण काढली.

सोबत नकाशा, सोंगट्या आणि कच्चे नियम पाठवतो आहे. तू खेळून बघ. एकटीने दोन्ही बाजू खेळता येतात, जरा मन रमेल. संध्याकाळ फार मोठी वाटत असेल ना तिकडे? ते घर अजून रिकामंच आहे. मी मालकाला नाताळपर्यंत थांबायला सांगितलंय.

कॉलिन


रॉबिनव्हेल
८ डिसेंबर १९८३

कॉलिन,

तुझा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला तर मावेना. एक कोपरा शिवणयंत्रावर गेला. मी सोंगट्या मांडत होते, तेवढ्यात लगाना पंप दुरुस्त करताना इथे राहिलेले त्यांचे पाने परत न्यायला आले. टोपी हातात घेऊन नकाशावर वाकले. मग एका षटकोनावर बोट ठेवून म्हणाले, “इथे विहीर होती. तुमचा भाचा ती विसरला.”

मी विचारलं, “तुम्हाला कसं माहीत?”

“मी तिच्यात बादली सोडायचो,” ते म्हणाले.

ते तिथे होते, कॉलिन. इटालियन तोफखान्यात, तोबरुकमध्येच. एक्केचाळीसच्या जानेवारीत पकडले गेले आणि कैदी म्हणून इथे आले. लढाईनंतर परत पाठवलं, तर पाच वर्षांनी स्वतःच्या खर्चाने पुन्हा आले. अठरा वर्षं क्लॅरी आणि ते पाटाच्या दोन बाजूंना उभे राहून बोलायचे, छाटणीबद्दल, पाण्याच्या पाळीबद्दल, करप्याबद्दल. दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनीही तो विषय एकदा काढला नाही. पुरुषांचं काय करावं ते मला कळत नाही.

मी त्यांना क्लॅरीच्या पत्रातला तोफांचा भाग वाचून दाखवला. दुर्बिणी नव्हत्या हे ऐकलं आणि ते हसायलाच लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अहो, दुर्बीण असेल कशी? मीच फोडली ना ती!” तीच तोफ असेल असं नाही, तिथे शेकड्यांनी होत्या. पण आम्ही दोघांनी ठरवून टाकलंय की तीच होती.

दुपारी बारा ते तीन बागेत उभं राहवत नाही, म्हणून त्या वेळात आम्ही खेळतो. मी जर्मन-इटालियन, ते आपल्या बाजूने. त्यांचीच इच्छा. “एकदा तरी आत बसून बघतो,” म्हणाले. काल मी त्यांचं बंदर बंद पाडलं. ते वांगी घेऊन येतात, मी चहा करते. माझ्या वांग्याच्या भाजीला त्यांनी भाजी म्हणायला नकार दिला आणि स्वतः ओट्यापाशी गेले.

विहीर दुरुस्त कर.

आत्या


बेंडिगो
१५ जानेवारी १९८४

आत्या,

विहीर टाकली. लगाना यांना माझे आभार सांग. तू शेजाऱ्याला धरून बसवून खेळायला लावलंस हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही. एकटेपणात माणूस काय काय करतं.

पक्के नियम सोबत आहेत. नववं पान बघ, ते मंडळात सगळ्यांना फार आवडलं. इटालियन तुकडीवर हल्ला झाला की फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले की तुकडी शरण. नेव्हिल दर वेळी खुर्चीवर उभा राहतो, दोन्ही हात वर करतो आणि ‘मम्मा मिया!’ म्हणून ओरडतो. सगळं सभागृह हसतं. दिवसभराच्या खेळात अशी करमणूक लागतेच.

संमेलनाच्या पत्रकात माझं नाव छापून आलंय. फक्त स्पेलिंग चुकलंय.

घरमालक आता मार्चपर्यंत थांबायला तयार आहे.

कॉलिन


रॉबिनव्हेल
१९ फेब्रुवारी १९८४

कॉलिन,

तुझं नववं पान मी मोठ्याने वाचून दाखवलं. आधी स्वतः वाचायला हवं होतं, ती चूक माझी. नेव्हिलचं वर्णनही वाचलं, कारण ‘आता काहीतरी गमतीचं आहे’ असं मला वाटलं. लगाना समोरच बसले होते. मग त्यांनी आपल्या सोंगट्या एकेक करून डब्यात ठेवल्या, खुर्ची सरकवली, टोपी घातली आणि गेले. त्याला आज चार आठवडे होतील.

गेल्या रविवारी पाऊस आला. ऐन बेदाण्याच्या दिवसांत, द्राक्षं वाळवायचे रॅक भरलेले. मी ताडपत्री ओढत होते आणि वारा ती माझ्या हातातून हिसकत होता. तेवढ्यात पलीकडून ते पळत आले. त्यांचे स्वतःचे रॅक उघडे होते. आधी माझे झाकले. दीड तास आम्ही दोघं चिखलात. झाल्यावर मी म्हटलं, “आत या, चहा टाकते.” तर म्हणाले, “नको, मिसेस पास्को.”

डिसेंबरपासून मी एल्मा होते.

तू म्हणशील की पुस्तकात आकडे आहेत, इतके हजार शरण गेले, तितके हजार गेले. असतील. मी आकड्यांशी भांडत नाही. पण ज्या माणसाने स्वतःचे बेदाणे भिजू दिले आणि माझे वाचवले, त्याच्यावर पाच-सहाचा फासा टाकून सभागृहाला हसवणारा भाचा माझा आहे, याची मला लाज वाटली. क्लॅरी असता तर त्याने तुझे कान उपटले असते. तो त्या लोकांवर गोळे टाकत होता, पण त्यांना हसल्याचं एकाही पत्रात नाही. तपासून पाहिलं मी. अडतीसच्या अडतीस.

बेदाणे वाचले. निम्मे.

एल्मा आत्या


बेंडिगो
२ मार्च १९८४

आत्या,

तीन उत्तरं लिहून फाडली. पहिल्यात आकडेच होते. सोबतचं पत्र त्यांना दे. तू आधी वाच, आणि चुकलं असेल तर देऊ नकोस.

कॉलिन

श्री. लगाना यांस,

तुमची-माझी ओळख नाही. माझ्या आत्याच्या घरी मी तुमचा अपमान केला, तोही तीनशे किलोमीटरवरून. मी गणिताचा मास्तर आहे. एखादी गोष्ट सहापैकी दोनदा घडते असं लिहिलं की ती का घडते ते विचारायची गरज उरत नाही, अशी मला सवय लागली होती. नववं पान मी फाडलं आहे. त्या जागी काय लिहावं ते मला माहीत नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तरी पान कोरंच राहील.

कॉलिन ट्रेलोर


रॉबिनव्हेल
२० मार्च १९८४

श्री. ट्रेलोर यांस,

तुमचं पत्र मिळालं. उशीर झाला, कारण मला लिहायला वेळ लागतो. स्पेलिंगं तुमच्या आत्याबाईंनी तपासली आहेत. मजकुराला हात लावू दिला नाही.

मी बावीस वर्षांचा होतो. एका तोफेवर आम्ही सहा जण. पहाटे तुमच्या बाजूचे रणगाडे आले. आमचा गोळा त्यांच्या अंगावर बसायचा आणि भिंतीवर चेंडू मारावा तसा उडून जायचा. तरी आम्ही मारत राहिलो. शूर होतो म्हणून नव्हे. दुसरं काय करायचं ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. पाणी दोन दिवसांपासून नव्हतं. ट्रक आधीच कुणीतरी घेऊन गेलं होतं. गोळे संपले तेव्हा साडेदहा वाजले होते. सार्जंटने घड्याळ पाहिलं म्हणून माहीत. त्याने दुर्बीण काढून माझ्या हातात दिली, मी ती दगडावर आपटली. मग आम्ही हात वर केले. चौघांनी. दोघं राहिले नव्हते.

पहिला जो पोरगा माझ्यापर्यंत आला, तुमचा, लाल केसांचा, तो माझ्याहून जास्त घाबरलेला होता. बंदूक माझ्यावर आणि डोळे मिटलेले. मी त्याला म्हटलं, हळू, हळू. त्याला आमची भाषा येत नव्हती, पण कळलं.

फाशावर पाच पडले म्हणून कुणी हात वर करत नाही, मास्तर. पाणी नाही, गोळे नाहीत, आणि जायला वाट नाही, तेव्हा करतो. मग तो आमच्या रेज्जोचा असो की तुमच्या बेंडिगोचा. हे नियमात बसवता येत असेल तर बसवा.

विहीर तुम्ही दुरुस्त केलीत, पण पुन्हा चुकीच्या जागी टाकलीत. ती रस्त्याच्या डाव्या अंगाला होती.

सावेरिओ लगाना


रॉबिनव्हेल
८ एप्रिल १९८४

कॉलिन,

सावेरिओ परत यायला लागला. ते पत्र त्याने माझ्याच टेबलावर बसून लिहिलं, चार दुपारी लागल्या. प्रत्येक शब्दाला विचारायचा, ‘यात किती एल?’ चौघांचं वाक्य आलं तेव्हा स्पेलिंग विचारलं नाही, आणि मीही मान वर केली नाही.

त्यानंतर तो जेवायला थांबला. आता थांबतोच. कांदा कापायची माझी पद्धत चुकीची आहे असं त्याचं म्हणणं आहे. चाळीस वर्षं कापतेय मी. आम्ही मोठमोठ्याने भांडतो आणि कुत्रा बाहेर जाऊन बसतो.

तुझ्या त्या उन्हाच्या घरात दुसरं कुणी राहायला आलं तर बरं. रिकामं घर कुबट होतं.

आत्या


बेंडिगो
१३ मे १९८४

आत्या,

नववं पान लिहून झालं. आता ते असं आहे: कोणतीही तुकडी, कोणत्याही देशाची, सलग दोन फेऱ्या पाणी आणि गोळ्यांशिवाय राहिली आणि मागे जायची वाट बंद असली, तर ती शरण जाते. फासा नाही. एवढंच.

आत्या, या एका नियमाने सगळा खेळ बदलला. आधी सगळे पुढे धावायचे. आता पहिल्यांदा मागे वळून बघतात, पाणी येतंय ना. काल खुद्द जर्मन सेनापती रोमेलच्या जागी बसलेला गडी रसदवाल्याला ‘साहेब’ म्हणत होता. नेव्हिलला नियम आवडलेला नाही. “मग हसायचं कधी?” म्हणतो.

जूनमध्ये तुम्ही दोघंही या. तुम्हा दोघांसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. तुझी झोपायची सोय माझ्याकडे, लगाना यांची नेव्हिलच्या घरी. त्यांचा एवढा प्रवास फक्त तुला सोबत म्हणून होणार, त्याबद्दल माझ्याकडून त्यांना विचार की चालेल ना. आणि आलीस की ते घर एकदा डोळ्यांखालून घाल. मालकाला मी शेवटचं जूनपर्यंत थोपवलंय.

कॉलिन


रॉबिनव्हेल
१७ जून १९८४

कॉलिन,

सुखरूप पोचलो. पाठ धरली आहे, पण हसून धरली आहे.

तू पंच होतास, सगळ्या टेबलांवरून फिरत होतास, तरी तुला काय काय दिसलं कुणास ठाऊक. माझ्या टेबलावरून दिसलं ते सांगते. जर्मन-इटालियन रसदेवर मी. तोबरुकची रसद सावेरिओकडे, त्याचा सेनापती नेव्हिल. पहिल्या तासातच कळलं की सावेरिओ गोळे मागे ठेवतोय आणि पाणी सगळ्यांना आधी देतोय. नेव्हिलच्या चिठ्ठ्या तूच नेत होतास, कागदाला भोकं पडतील इतक्या जोराने तो लिहीत होता. शेवटी त्याने न विचारता दोन तुकड्या बाहेर काढल्या, आमच्या विमानतळावर झडप घालायला. सुरेख चाल होती. मी घाबरले. पण मी काही केलं नाही, फक्त माझं सगळं पेट्रोल त्यांच्या मागच्या रस्त्याकडे निघालेल्या आमच्या रणगाड्यांना दिलं. रस्ता बंद. एक फेरी गेली. दुसरी गेली.

तू नववं पान वाचलंस. सगळे नेव्हिलकडे बघत होते. तो उभा राहिला. खुर्चीवर नाही, जमिनीवरच. कानापर्यंत लाल झाला होता. दोन्ही हात वर केले आणि सावेरिओकडे वळून म्हणाला, “मिस्टर लगाना, हात किती वेळ वर ठेवायचे असतात?”

सावेरिओ म्हणाला, “आम्ही सहा वर्षं ठेवले होते. तुम्हाला चहापर्यंत पुरे.”

तो जो हशा पिकला, कॉलिन, तो आधी नेव्हिलचा होता. मी त्याच्यावरचा राग तिथेच सोडला.

आणि तोबरुक काही मला मिळालं नाही. लपवून ठेवलेले गोळे त्याने शेवटच्या दोन फेऱ्यांत काढले आणि माझ्या फौजेचा भुगा केला. माझ्या नवऱ्याने सांभाळलेलं गाव मी घ्यायला निघाले आणि एका इटालियन गोलंदाजाने ते वाचवलं. इतकं मनापासून मी आयुष्यात कधी हरले नव्हते.

आता दुसरं. परत येताना वायचिप्रूफला गव्हाची गाडी आडवी आली. तिथे रूळ भर रस्त्यातून जातात, आणि गाडी माणसाच्या चालीने चालते. सावेरिओने ट्रकचं इंजिन बंद केलं. समोर बघत म्हणाला, “एल्मा, मी पासष्ट वर्षांचा आहे. एक गुडघा चांगला आहे. स्वयंपाक येतो. घोरतो, नेव्हिलच्या बायकोने तक्रार केली असेल. मला रोज घरी परत पाठवायचं तू बंद करशील का?”

मी म्हटलं, “आधी ही गाडी जाऊ दे.”

एकोणचाळीस डबे होते. एकेक करून गेले. शेवटचा गेल्यावरही त्याने ट्रक सुरू केला नाही. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. मग मी हो म्हटलं.

क्लॅरीला काय वाटेल, हा विचार तू करशील म्हणून सांगते. तो मी केला, गहू जाईपर्यंत तेवढाच केला. क्लॅरी म्हणाला असता, पंपाचे पाने परत न्यायला यायचं निमित्त चांगलं शोधलं गड्याने.

तुझं ते घर मी बघितलं नाही, पण तुझं बघितलं. स्वयंपाकघरात एक कप, एक ताटली, आणि खोल्यांमधून नकाशेच नकाशे. इतके महिने तू मला एकटी, एकटी लिहीत होतास. मला वाटतं, बाळा, ती पत्रं तू मला लिहीत नव्हतास.

लग्न एक सप्टेंबरला. त्याचा पाद्री आणि माझा पाद्री दोघंही नाक मुरडताहेत, म्हणून नोंदणी करून बागेतच जेवण. माझा हात धरून मला नेणारं कुणीतरी लागेल. आणि त्यानंतर शाळेच्या सगळ्या सुट्ट्यांना तू इकडे यायचं. सावेरिओ म्हणतो, मागची खोली रिकामी आहे, तिथे टेबलही मोठं मावेल.

आत्या


बेंडिगो
२२ जून १९८४

आत्या आणि सावेरिओ काका,

तुमचं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि ओरडलो. मुख्याध्यापक धावत आले. त्यांना वाटलं, कुणी पोरगं पडलं.

किती आंधळा मी! काल सगळी पत्रं पुन्हा काढली. ‘लगाना आले’ चं ‘सावेरिओ आला’ एप्रिलमध्ये झालंय. मी तेव्हा काय करत होतो? षटकोन रंगवत होतो. आणि मे महिन्यात मी त्यांना ‘तुला सोबत म्हणून’ या असं सांगितलं. माझं ते पत्र कुठे दिसलं तर जाळून टाक.

शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. बरोबर आहे. शनिवार सोडला तर माझ्या घरात कुणाचा आवाज नसतो. घरमालकाला आज नाही म्हणून सांगून आलो. त्याने सुटकेचा श्वास टाकला, तरुण जोडपं विचारत होतं म्हणे.

अॅडलेडच्या मंडळाने खेळ सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मागितला होता. त्यांना कळवलंय की त्या दिवशी पंचाला वेळ नाही, त्याला नवरीचा हात धरायचा आहे. नेव्हिल विचारतोय, त्याला बोलावणार का. कपडे चांगले घालीन म्हणतो. मी त्याला सांगितलं, मुलाकडून येत असशील तर ये.

काका, वांग्याची भाजी तुम्हीच करा. आत्याची मी लहानपणापासून खातोय.

पुढच्या शुक्रवारी हिवाळ्याची सुट्टी लागते. शाळा सुटली की तसाच निघतो, वाटेत कुठली गाडी आडवी आली नाही तर सातपर्यंत पोचेन. माझ्यासाठी खोळंबू नका, तुम्ही जेवून घ्या.

नाही, थांबा. थांबाच.

कॉलिन